लंडन पायी पाहायचं तर: 'लेजिबल लंडन'च्या नकाशा-खांबांचं परीक्षण

मुलं सकाळी ऑफिसला गेली, की हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो, स्लाउ इथे लेकाकडे-लेकीकडे राहायला आलेले मराठी आई-वडील दिवसभर घरातच बसून राहतात. पाय थकलेले असतात असं नाही. पुण्यात रोज पर्वती चढणारी, शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारल्याशिवाय चहा न घेणारी ही माणसं असतात. धास्ती असते ती रस्ता चुकण्याची. रोमिंगवरचा फोन ऐनवेळी बंद पडला तर काय, या विचाराने पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि शहर पायी पाहण्यासाठी चार-पाच दिवसांची सुट्टी काढून लंडनला येणाऱ्या सगळ्यांसाठीही.

लंडनच्या मध्यभागात फुटपाथवर गडद रंगाचे, चपटे, माणसापेक्षा उंच खांब दिसतात. माथ्यावर पिवळी पट्टी आणि तिच्यात चालणाऱ्या माणसाचं चित्र, खाली नकाशा. या व्यवस्थेचं नाव 'लेजिबल लंडन'. शहराची वाहतूक सांभाळणारी 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' ही संस्था आणि तिथल्या स्थानिक नगरपालिका, म्हणजे 'बरो', मिळून ती चालवतात. त्याआधी मध्य लंडनमध्ये पादचाऱ्यांसाठी निदान 32 वेगवेगळ्या प्रकारच्या पाट्या होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. 2007 साली बॉन्ड स्ट्रीट परिसरात नव्या खांबांची चाचणी झाली. पुढच्या टप्प्यात ब्लूम्सबरी, कॉव्हेंट गार्डन, साउथ बँक हे भाग आले आणि मग व्यवस्था शहरभर पसरली. वापरायला पैसे नाहीत, ॲप नाही, नाव नोंदवणं नाही. पाचपैकी चार गुण द्यावेत अशी ही सेवा आहे. पाचवा का नाही, ते पुढे येईल.

आधी नकाशा वाचायचा कसा, कारण चूक इथेच होते. आपल्याला शाळेपासून सवय आहे की नकाशात वर उत्तर. या खांबांवर तसं नाही. खांबाकडे तोंड करून उभं राहिल्यावर तुमच्या समोर जे आहे, ते नकाशात वर असतं. उजव्या हाताला जी गल्ली आहे, ती नकाशातही उजवीकडे. डोक्यात नकाशा फिरवावा लागत नाही, आणि ज्यांना दिशांचा गोंधळ होतो त्यांच्यासाठी हे वरदान आहे. पण यातून दोन गोष्टी निघतात. एक, खांबाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा नकाशा एकमेकांच्या उलट असतो. एका बाजूने वाचून घेतलं आणि सोबतच्याने दुसऱ्या बाजूने वाचलं, तर दोघांचं 'वर' वेगळं होतं आणि वाद सुरू होतो. दोघांनी एकाच बाजूला उभं राहून वाचावं. दुसरं, फोनमधला नकाशा उत्तर वर धरून उघडलेला असेल, तर तो आणि खांब जुळणार नाहीत. एका वेळी एकावरच विश्वास ठेवा.

मोठ्या खांबावर सहसा दोन नकाशे असतात. एक दूरचा, पंधरा मिनिटांच्या चालीचा. दुसरा जवळचा, पाच मिनिटांचा. आधी दूरच्या नकाशावर आपलं ठिकाण कोणत्या बाजूला आहे ते पाहायचं, मग जवळच्यावर पहिली दोन वळणं पक्की करायची. रस्त्यांची सगळी नावं पाठ करण्याच्या फंदात पडू नये. त्याऐवजी इमारती पाहाव्यात. महत्त्वाच्या वास्तू नकाशात उठावदार चित्रासारख्या काढलेल्या आहेत, त्यामुळे चर्चचा मनोरा किंवा संग्रहालयाचा घुमट समोर दिसला की आपण बरोबर आहोत हे लगेच कळतं. जिने कुठे आहेत, रस्ता ओलांडायची जागा कुठे, स्वच्छतागृह कुठे, हेही नकाशात असतं. गुडघेदुखी असणाऱ्यांनी जिन्यांच्या खुणा आधी शोधाव्यात.

निघण्याआधी फोनने नकाशाचा फोटो काढून ठेवावा. मात्र फोटोत खांबामागचा थोडा रस्ताही येऊ द्यावा. नुसत्या नकाशाचा फोटो दोन वळणांनंतर निरुपयोगी ठरतो, कारण तो काढताना तोंड कुठे होतं हे आठवत नाही.

आता वर्तुळांबद्दल. नकाशावर 'पाच मिनिटं' असं लिहिलेलं वर्तुळ असतं. साधारण पाच किलोमीटर ताशी वेगाने चालणाऱ्याला पाच मिनिटांत चारशे मीटर जाता येतं, तो हिशेब. साठी ओलांडलेला माणूस आरामात चालला तर मिनिटाला साठेक मीटर जातो, म्हणजे तेच अंतर सात मिनिटांचं. सिग्नलवर थांबणं त्यात धरलेलं नाही. म्हणून ज्येष्ठांनी पाट्यांवरच्या मिनिटांना सरळ दीडने गुणावं: पाचाचे साडेसात, पंधराचे बावीस-तेवीस. शिवाय वर्तुळ हे शेवटी वर्तुळच. मध्ये नदी, कालवा किंवा रेल्वेमार्ग आला तर पूल गाठेपर्यंतचा वळसा त्यात मोजलेला नसतो. नकाशात ठिकाण जवळ दिसलं की आधी पाहायचं, मध्ये पाणी किंवा रूळ आहेत का.

खांब सापडला नाही तर काय? मध्य लंडनमध्ये भाड्याच्या सायकलींचे तळ जागोजागी आहेत आणि तिथल्या यंत्राच्या फलकावर हाच नकाशा असतो. सायकल घ्यायची नसली तरी नकाशा वाचायला कोणी मनाई करत नाही. बऱ्याच बसथांब्यांच्या निवाऱ्यात आणि ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनांच्या बाहेर पडायच्या वाटांवरही परिसराचा नकाशा लावलेला असतो. स्टेशनमधून वर येण्याआधी तो पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण मोठ्या स्टेशनांना चार-पाच तोंडं असतात आणि चुकीच्या तोंडातून वर आलं की रुंद रस्त्याच्या भलत्याच बाजूला निघतो.

ट्यूबचा प्रसिद्ध नकाशा मात्र चालण्यासाठी अजिबात वापरू नये. तो अंतर दाखवत नाही, फक्त क्रम दाखवतो. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्टेशनं त्यावर इतर कोणत्याही दोन स्टेशनांइतकीच दूर दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात तीनशे मीटरही नाहीत आणि पायी चार-पाच मिनिटं पुरतात. गाडीने जाण्यात लिफ्टची रांगच त्याहून लांबते, आणि रांगेला कंटाळून कॉव्हेंट गार्डनचा जिना धरला तर 193 पायऱ्या. 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन'ने 2015 साली दोन स्टेशनांमधलं चालण्याचं अंतर मिनिटांत दाखवणारा वेगळा नकाशा काढला. तो त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मुलांकडून मोठ्या कागदावर छापून घ्यावा.

या पाट्यांची कसोटी घ्यायला मराठी माणसासाठी लंडनमध्ये एक फार चांगला रस्ता आहे. लोकमान्य टिळकांच्या मुक्कामाच्या घरापासून डॉ. आंबेडकरांच्या घरावरून ब्रिटिश म्युझियम, ग्रेज इन ही वकिलांची संस्था आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपर्यंत. सगळं मिळून अकरा किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात जमतं; दोन दिवसांत केलं तर जास्त चांगलं. पाट्या कुठे साथ देतात आणि कुठे सोडतात, दोन्ही यात दिसतं.

सुरुवात बेकरलू लाईनवरच्या वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनपासून. तिथून काही मिनिटांवर 10, हाउली प्लेस. 1918-19 मध्ये ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक लंडनला आले, तेव्हा ते इथे राहिले. दारावरच्या निळ्या गोल पाटीवर तशी नोंद आहे. खटला ते हरले. घर खाजगी आहे. फुटपाथवर उभं राहून पाटी पाहावी, घंटी वाजवू नये, खिडक्यांचे फोटो काढू नयेत. घरांचे क्रमांक शोधताना लक्षात ठेवा, लंडनच्या बहुतेक रस्त्यांवर सम आकडे एका बाजूला आणि विषम समोर असतात. रस्त्याच्या नावाच्या पाटीवर बरोचं नाव आणि 'डब्ल्यू 2', 'एनडब्ल्यू 3' असा टपाल विभागही बहुधा लिहिलेला असतो. एकाच नावाचे रस्ते शहरात अनेक असल्याने विभाग ताडून पाहायलाच हवा.

हाउली प्लेसहून लिटल व्हेनिसला उतरलं की रीजंट्स कालवा लागतो. इथून प्रिमरोझ हिलपर्यंत कालव्याकाठची वाट सुंदर आहे, पण पाट्यांच्या दृष्टीने हाच सगळ्यात कच्चा भाग. नकाशात कालवा सलग निळा दिसतो, म्हणून वाटही सलग असेल असं वाटतं. तशी ती नाही. लिटल व्हेनिसच्या पुढचा काठ तिथे नांगरलेल्या राहत्या बोटींसाठी राखीव आहे आणि त्यानंतर कालवा मेडा हिलच्या बोगद्यात शिरतो. बोगद्यात चालायला जागाच नाही. म्हणून ब्लूमफील्ड रोडने वरूनच चालावं, एजवेअर रोड ओलांडावा आणि समोरच्या ॲबरडीन प्लेसने सरळ पुढे जावं. लिसन ग्रोव्हच्या अलीकडे खाली कालव्याकाठी उतरायला वाट मिळते, तिथे पायऱ्या आहेत. पहिल्यांदा येणारे बरेच जण बोगद्याच्या तोंडाशी गोंधळून परत फिरतात. परतायचं कारण नाही. कालवा पायाखालीच आहे आणि पलीकडे पुन्हा भेटतो.

काठावरची वाट अरुंद आहे आणि सायकलवाल्यांचीही आहे. मागून घंटी ऐकू आली की घाईने पाण्याकडे सरकू नये. भिंतीच्या बाजूला थांबावं. पुलांखाली वाट आणखी निमुळती होते आणि पाऊस झाला असेल तर दगड निसरडे असतात, त्यामुळे गुळगुळीत तळव्याची चप्पल इथे नको. अंधार पडल्यावर ही वाट टाळावी. प्राणिसंग्रहालयाचा मोठा जाळीचा मनोरा दिसला की वर प्रिन्स अल्बर्ट रोडला यायचं. समोर प्रिमरोझ हिल.

टेकडी चौसष्ट मीटरची, चढ सौम्य. पर्वतीवाल्यांना तर तो जाणवणारही नाही. माथ्यावरून दक्षिणेकडे दिवसभराचा पुढचा रस्ता डोळ्यांपुढे येतो: पायाशी रीजंट्स पार्क, त्यामागे बीटी टॉवर हा दूरसंचाराचा उंच मनोरा, आणि टॉवरच्या डाव्या अंगाला थोडं पुढे ब्लूम्सबरी. इथे दहा मिनिटं बसून हा अंदाज मनात पक्का करावा. पुढे खांब नसले तरी टॉवर दिसत राहतो आणि दिशा सुटत नाही.

टेकडीच्या उत्तरेकडून प्रिमरोझ हिल रोडला उतरून वर गेलं की किंग हेन्रीज रोड लागतो. उजवीकडे वळून शेवटाकडे 10 क्रमांक. 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब इथे राहिले. 2015 साली महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं आणि आता ते स्मारक आहे. आत जाण्याच्या वेळा त्या दिवशी सकाळी तपासूनच निघावं. रस्ता शांत वस्तीचा आहे. शेजाऱ्यांनी स्मारकावर हरकती घेतल्याचा इतिहासही आहे. म्हणून गटाने गेलात तर बोलणं हळू आवाजात ठेवा आणि फुटपाथ अडवू नका. ज्यांना फक्त इथेच यायचं आहे त्यांना चॉक फार्म स्टेशन जवळ. मध्ये युस्टनहून निघणारे रूळ आहेत, ते पुलावरून ओलांडावे लागतात, म्हणून नकाशात दिसतं त्याहून जरा जास्त चाल पडते.

आता दक्षिणेकडे. रीजंट्स पार्क रोडने खाली, सेंट मार्क्स चर्चजवळच्या पुलावरून कालवा ओलांडून रीजंट्स पार्कमध्ये आणि मग ब्रॉड वॉक. सरळ, रुंद, दोन्हीकडे झाडं आणि बसायला बाकं. संपूर्ण वाटेतला चालायला सगळ्यात सोपा हा टप्पा आहे. पार्क राजघराण्याच्या उद्यानांपैकी असल्याने आत त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या पाट्या आहेत, पिवळ्या पट्टीचे खांब शोधत बसू नये. एक गोष्ट मात्र कुठल्याही नकाशात नसते: पार्कचे दरवाजे तिन्हीसांजेला बंद होतात. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे कोणाला घाई नसते. डिसेंबरमध्ये सूर्य चारच्या आधी मावळतो आणि साडेचारच्या सुमारास दरवाजे लागतात. हिवाळ्यात हा टप्पा दुपारच्या जेवणाआधी संपवा.

पार्कच्या दक्षिण टोकाला मॅरिलबोन रोड. गाड्या डावीकडूनच धावतात, त्यामुळे आपली नजर बरोबर उजवीकडे आधी जाते. युरोपातल्या इतर शहरांत होणारा घोटाळा इथे होत नाही. बटण दाबून हिरव्या माणसाची वाट पाहावी. मोठ्या रस्त्यांवर मध्ये दुभाजकाचं बेट असेल तर पुढच्या अर्ध्यासाठी वेगळा सिग्नल असू शकतो, पहिल्याच हिरव्यावर पूर्ण रस्ता पळत ओलांडू नका. सिग्नल नसलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर, जिथे खांबावर पिवळा गोळा लुकलुकतो, तिथे गाडी थांबायलाच हवी. तरीही चालकाशी नजरानजर झाल्यावरच पाऊल टाकावं.

इथून पुढे पाट्या खऱ्या अर्थाने कामाला लागतात. फिट्झरोविया आणि ब्लूम्सबरीत खांब इतके दाट आहेत की एकापासून निघून दुसऱ्यापर्यंत जाताना शंका यायला फारशी जागा राहत नाही. फोन काढावाच लागत नाही, आणि मान वर राहिल्यामुळे इमारती दिसतात, चौकातल्या बागा दिसतात, घरांवरच्या निळ्या पाट्या दिसतात. उंच इमारतींच्या गल्ल्यांत फोनमधला निळा ठिपका सिग्नल भिंतींवर आपटल्याने इकडून तिकडे उड्या मारतो. खांब आपल्या जागेवर असतो. या सेवेचं खरं मोल इथे कळतं, आणि चार गुण आहेत ते या भागाच्या बळावर.

जेवायचं असेल तर वॉरेन स्ट्रीटहून दहा मिनिटं वाकडी वाट करून युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटला जावं. शाकाहारी भारतीय जेवणासाठी ही गल्ली अनेक वर्षं ओळखीची आहे.

ब्रिटिश म्युझियमला मुख्य दार ग्रेट रसेल स्ट्रीटला, पण उत्तरेकडून आल्यास माँटेग्यू प्लेसचं मागचं दार जवळ पडतं. रोज दहा ते पाच, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत. प्रवेश फुकट, आतली स्वच्छतागृहंही फुकट. पायी फिरणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. आतल्या मोठ्या चौकाच्या मधोमध 1857 साली उघडलेली गोल रीडिंग रूम आहे. बाबासाहेब दिवसदिवस वाचत बसत ते इथेच. किंग हेन्रीज रोडपासून इथवर पायी चार-साडेचार किलोमीटर होतात. हे अंतर स्वतःच्या पायांनी कापल्यावर त्या खोलीपुढे उभं राहणं वेगळं असतं.

पुढचा टप्पा थिओबाल्ड्स रोडने ग्रेज इन, जिथून ते बॅरिस्टर झाले, आणि मग लिंकन्स इन फील्ड्समार्गे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. पाचवा गुण इथे हुकतो. वकिलांच्या या 'इन'मधून जाणाऱ्या वाटा नकाशात दिसतात, पण ती खाजगी आवारं आहेत आणि शनिवार-रविवारी दरवाजे बंद असतात. ग्रेज इनची बाग तर कामाच्या दिवशीही फक्त दुपारच्या जेवणाच्या वेळेत लोकांसाठी खुली होते. कुठलं दार कधी बंद, हे खांब सांगत नाही. म्हणून हा दिवस सोमवार ते शुक्रवारमधलाच निवडा आणि ग्रेज इनला दुपारी पोहोचायचं असेल तर म्युझियमचा फेरफटका आटोपता घ्या. दुसरी उणीव अशी, की बांधकामामुळे फुटपाथ बंद करून वळवलेला असतो तेव्हा खांबावरचा नकाशा जुनीच वाट दाखवत राहतो. अशा जागी पुढचं वळण सोडून त्याच्या पुढचं घ्यावं आणि पुढच्या खांबाशी पुन्हा जुळवून पाहावं. तिसरी उणीव मध्यभागाबाहेरची. खांब बसवायचे की नाहीत हे त्या त्या बरोच्या इच्छेवर आणि पैशांवर अवलंबून असल्याने उपनगरांत ते विरळ आहेत. तिथे स्टेशनबाहेरचा नकाशा हाच आधार.

खर्चाचं थोडं. बसमध्ये 2014 पासून रोख पैसे चालत नाहीत. भारतीय कार्ड परदेशी व्यवहारांसाठी सुरू असेल तर टेकवून चालतं, पण दोघांना एका कार्डावर जाता येत नाही. प्रत्येकाचं वेगळं हवं. दोघांसाठी दोन ऑयस्टर कार्डं, म्हणजे बस-ट्यूबची पैसे भरून वापरायची कार्डं, काढणं सुटसुटीत. पाय दुखले तर वाटेत कुठेही बस धरावी: पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसऱ्या बसचं वेगळं भाडं पडत नाही.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या खाली स्ट्रँडचा ऑल्डविचकडचा तुकडा आता गाड्यांना बंद आहे. बसायला भरपूर जागा आहे आणि शेजारीच भारतीय उच्चायुक्तालयाचं इंडिया हाऊस. परतीसाठी इथल्या नकाशावर सगळ्यात जवळचं स्टेशन टेम्पल दिसेल. घाईने तिकडे वळू नका. खांब स्टेशन दाखवतो. आपल्या घरी नेणारी गाडी कुठून सुटते, ते आपणच ठरवायचं असतं. हाउन्स्लोकडे जायचं असेल तर सात-आठ मिनिटं उत्तरेला होबर्न, तिथून पिकॅडिली लाईन थेट. वेम्बली सेंट्रल किंवा हॅरो अँड वील्डस्टोनला जाणाऱ्यांनी स्ट्रँडने पश्चिमेला चेरिंग क्रॉस गाठावं आणि बेकरलू धरावी. या लाईनच्या काही गाड्या अलीकडेच संपतात, म्हणून चढण्याआधी गाडीच्या माथ्यावरचं शेवटचं स्टेशन वाचून घ्या.